जात ठरवण्याआधी सोयरीक पाहावी

सजीवांच्या वर्गीकरणाचे काम अंगावर घेण्याचा आपला विचार असेल, तर सर्वप्रथम जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांची १९४२ सालची व्याख्या तोंडपाठ करावी: ज्यांचे आपसांत प्रजनन होते आणि इतर गटांशी होत नाही, त्यांची मिळून एक जाती. (वर्तमानपत्रे जिला प्रजाती म्हणतात, तीच ही.) मराठी माणसाला ही व्याख्या समजावून द्यावी लागत नाही, कारण बेटीव्यवहार कुठवर चालतो यावरून जात ओळखण्याचा आपला सराव मायर यांच्यापेक्षा पुष्कळ जुना आहे.

त्यानंतर मात्र घरच्या कुंड्यांतली माती उकरू नये. तिथे गांडुळासारखा दिसणारा वाळा साप निघण्याचा संभव असतो, आणि या सापांत सगळ्याच माद्या असतात. नराशिवाय अंडी घालून त्या आपल्यासारख्याच लेकी जन्माला घालतात आणि कुंड्यांच्या मातीतून प्रवास करत त्यांनी जगभरचे उष्ण प्रदेश गाठले आहेत. ज्याच्या शास्त्रीय नावातच ‘ब्रामिनस’ आहे, त्याच्याकडे बेटीव्यवहाराची सोयच नसावी, याचे वाईट वाटले तरी आपण डगमगू नये. नियम काटेकोरपणे लावला की प्रत्येक वाळा इतर सर्व वाळ्यांपासून प्रजननाच्या दृष्टीने विलग ठरतो. म्हणजे एका कुंडीत चार निघाले तर चार जाती झाल्या, आणि मायलेकीही एका जातीच्या राहिल्या नाहीत. नावे ठेवायला लॅटिन शब्द अपुरे पडले, तर दोष सापाच्या ब्रह्मचर्याला द्यावा, व्याख्येला नव्हे.

शेवाळात राहणाऱ्या डेलॉइड रोटिफर या सूक्ष्म प्राण्यांशी गाठ पडली, तर अधिक सावध राहावे. यांच्या साडेचारशेहून अधिक जातींची नोंद झालेली आहे आणि त्यांचा नर आजवर कोणीही पाहिलेला नाही. सायबेरियाच्या गोठलेल्या मातीत सुमारे २४ हजार वर्षे पडून राहिलेला एक डेलॉइड जागा झाला, याचे वृत्त २०२१ साली आले. जागे झाल्यावर त्याने जोडीदाराची चौकशी न करता सरळ वंश वाढवायला घेतला. सोयरीक नसतानाही जबड्यांची ठेवण आणि डीएनए पाहता या प्राण्यांचे वेगवेगळे गट स्पष्ट दिसतात, ही गोष्ट फारच अडचणीची असल्यामुळे ती तळटिपेत घालावी आणि तळटीप छापायला विसरावे.

जिवाणूंच्या घरी अडचण उलटी आहे. ते दुभंगून एकट्यानेच वाढतात, पण प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके मात्र दूरच्या परक्यांनाही उदार हस्ते देऊन टाकतात. इथे सोयरीक गुंडाळून ठेवावी आणि जनुकसंचांची सरासरी जुळणी सुमारे ९५ टक्के भरली की एक जाती मानावी. ९५च का, असे विचारणाऱ्यास बाहेर चहा पाजावा. या हिशेबाने आमांशाचा जिवाणू शिगेला हा आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूच्याच घरातला निघतो. तरीही डॉक्टरांची सवय मोडू नये म्हणून त्याचे बिऱ्हाड निराळ्या नावाने, जातीच्या वरच्या निराळ्या गटात (इंग्रजीत ‘जीनस’) ठेवलेले आहे, आणि आपणही ते हलवू नये.

आपली व्याख्या अलैंगिक जीवांना लागू पडत नाही, हे खुद्द मायर यांनीच मान्य केले होते, असे एखादा विद्यार्थी नेमके तोंडी परीक्षेत म्हणाला, तर त्याला वाळ्याचा नर आणून दाखवायला सांगावे.