आकाशवाणीच्या नागपूर केंद्राने छत्तीसगढीतही बोलावे

आपल्या देशात खाजगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. हवामान, वाहतूक अशी किरकोळ माहिती सोडली, तर फार फार तर आकाशवाणीचे बातमीपत्र त्यांना जसेच्या तसे ऐकवता येते. सामुदायिक रेडिओवरही हेच बंधन आहे. म्हणजे रेडिओवरून बातमी सांगण्याचा हक्क एकट्या आकाशवाणीकडे राहिला आहे, आणि हक्क एकाच्याच हाती ठेवला की जबाबदारीही त्याच्याच गळ्यात पडते. बिलासपूर, जांजगीर, राजनांदगाव या भागांतून येऊन नागपूरच्या इमारती उभ्या करणाऱ्या माणसाला या शहराची बातमी रेडिओवरून त्याच्या बोलीत मिळायची असेल, तर ती आकाशवाणीनेच द्यायला हवी, दुसऱ्या कोणाला ती मुभाच नाही. म्हणून माझी मागणी अशी आहे की, नागपूर केंद्राने रोज ठरलेल्या वेळी छत्तीसगढीत, आणि आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी सिंधी, बंगाली, तेलुगू व गोंडीत कार्यक्रम करावा. त्यात आधी उपयोगाची माहिती असावी आणि तिच्या जोडीने गाणी.

हे काही जगावेगळे मागणे नाही. पश्चिम जर्मनीने युद्धानंतर इटली, तुर्कस्तान येथून कामगार बोलावून घेतले, तेव्हा कोलोनच्या डब्ल्यूडीआर या सार्वजनिक प्रसारण संस्थेने १९६४ मध्ये तुर्की कार्यक्रम सुरू केला. त्यामागे निव्वळ माया होती असे समजण्याचे कारण नाही. पूर्व युरोपातील साम्यवादी देशांची केंद्रे याच कामगारांसाठी त्यांच्या भाषांत प्रसारण करत होती आणि ते कान आपल्याकडे वळवणे जर्मन सरकारला गरजेचे वाटत होते. हेतू कोणताही असो, कामगाराला कायदे, पगार, घर, दवाखाना यांची माहिती मिळू लागली. पुढे १९९९ मध्ये त्याच संस्थेने ‘फुंकहाउस ऑयरोपा’ हे केंद्र काढले, ज्याचे नाव २०१७ पासून ‘कॉस्मो’ झाले. दिवसा जर्मन निवेदन व जगभरातले संगीत, आणि संध्याकाळी तुर्की, इटालियन, पोलिश अशा भाषांतले कार्यक्रम, अशी त्याची घडण होती. बर्लिनमध्ये ‘रेडिओ मल्टिकुल्टी’ १९९४ पासून असेच काम करत होते, पण २००८ च्या अखेरीस पैशांच्या कारणाने ते बंद झाले. श्रीमंत देशातही काटकसरीची कुऱ्हाड पहिल्यांदा कुठे पडते, ते यावरून कळते.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण मला जास्त जवळचे वाटते. १९७५ मध्ये तिथे ‘मेडिबँक’ ही सरकारी आरोग्य विमा योजना येऊ घातली होती आणि इंग्रजी न येणाऱ्या स्थलांतरितांपर्यंत ती पोहोचवायची कशी, हा प्रश्न होता. त्यासाठी सिडनी व मेलबर्न येथे दोन प्रायोगिक केंद्रे सुरू झाली. त्यांतूनच पुढे एसबीएस ही संस्था उभी राहिली, जी आज ६० हून अधिक भाषांत प्रसारण करते. सुरुवात एका सरकारी योजनेच्या माहितीपासून झाली, हे लक्षात घ्यावे. लोककला महोत्सव भरवून किंवा वर्षातून एकदा स्थलांतरितांचा दिवस पाळून असे केंद्र उभे राहत नाही.

नागपूरला तर हे काम परके वाटण्याचे कारणच नाही. आपले केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती आणि रायपूर, बिलासपूर, दुर्ग हे जिल्हे याच राज्यात होते. रायपूरला स्वतःचे आकाशवाणी केंद्र मिळाले ते १९६३ मध्ये. राज्ये वेगळी झाली, पण माणसे यायची थांबली नाहीत; बंगाल-नागपूर रेल्वेचे रूळ तर एकोणिसाव्या शतकातच पडले होते. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे जरीपटक्यात वसली, रेल्वेच्या नोकरीमुळे बंगाली व तेलुगू मंडळी अजनी-धंतोलीकडे स्थिरावली. आणि गोंडांना या यादीत घालताना संकोच वाटायला हवा, कारण हे शहर वसवले देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने. भोसले त्यानंतर आले. बाहेरून आलेल्यांची यादी करायची, तर आपण मराठी लोक तिच्यात बरेच वर येऊ.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, ज्याला जे हवे ते त्याने यूट्यूबवर ऐकावे. आमच्या गल्लीत सध्या एका इमारतीचे काम चालू आहे. काम सुटल्यावर मजूर टिनाच्या खोल्यांसमोर बसतात, एकजण फोन रिकाम्या घमेल्यात ठेवतो, कारण त्यात आवाज मोठा होतो, आणि ददरिया, म्हणजे छत्तीसगढी लोकगीत, सुरू होतो. चुलीवर भात चढवणाऱ्या बाया गुणगुणू लागतात. गाण्याची ददात नाही, हे खरेच आहे. पण त्यांच्यातल्या एका मिस्त्रीला मी विचारले, ‘भैया, बांधकाम कामगार मंडळाचे कार्ड काढले का?’ तो म्हणाला, ‘ठेकेदार बोला था, बनवा देगा.’ वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र असेल आणि वय १८ ते ६० च्या दरम्यान असेल, तर मंडळात नोंदणी होऊ शकते; ही गोष्ट घमेल्यातला फोन त्याला आपणहून सांगत नाही. गावचे रेशन कार्ड इथल्या दुकानात चालते, हेही नाही. यूट्यूब त्याला गाव पुरवते. नागपूर पुरवत नाही. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, नागपूरच्या पांजरी टोल नाक्यावर पायी निघालेल्या मजुरांची रीघ लागली होती, तेव्हा शहरातील लोकांनी जेवणखाण, चपला सगळे दिले, पण गाडी कुठून सुटणार आणि नाव कुठे नोंदवायचे, हे त्यांच्या बोलीत सांगणारा अधिकृत आवाज हवा होता.

गुडगावात २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘गुडगाव की आवाज’ या सामुदायिक केंद्राने कारखान्यांतल्या स्थलांतरित कामगारांना माइकसमोर आणले. तेच गाणारे, तेच बोलणारे. मात्र सामुदायिक केंद्राची पोच जेमतेम १०-१५ किलोमीटर आणि बातम्यांना बंदी, म्हणून सगळा भार त्याच्यावर टाकणे ही पळवाट ठरेल.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी मांडत नाही. जरीपटक्यातल्या तरुण पिढीतल्या अनेकांना सिंधी बोलता येते, पण अरबी वळणाची लिपी वाचता येत नाही. गोंडी तर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीतही नाही. अशा भाषांसाठी वर्तमानपत्र काढायचे म्हटले, की लिपीपासूनच भांडण सुरू होते. रेडिओला लिपी लागत नाही.

आता माझ्यासारख्या, म्हणजे नुसत्या कानसेनांबद्दल. ‘वर्ल्ड म्युझिक’ हे लेबल १९८७ मध्ये लंडनच्या एका पबमध्ये काही रेकॉर्ड कंपन्यांनी मिळून ठरवले. दुकानदाराने माल कोणत्या फळीवर ठेवायचा, एवढाच तो प्रश्न होता. त्या फळीवरची माली, क्यूबा, तुर्कस्तानची गाणी मीही हौसेने ऐकतो. पण पंथी, भरथरी ही छत्तीसगढची लोकगायकी किंवा सिंध्यांची भगत ऐकायला आपल्याला परदेशी महोत्सवाची वाट पाहावी लागत असेल, तर ती शरमेची बाब आहे. शेजाऱ्यांसाठी लावलेला कार्यक्रम आपल्याही कानावर पडावा, आणि निवेदकाने दोन वाक्यांत मराठीतून गाण्याचा संदर्भ सांगावा, एवढे पुरे आहे. मात्र क्रम उलटा करू नये. आमच्यासारख्यांच्या आवडीसाठी कार्यक्रम रचला, की ढोलकीचे तुकडे उरतात आणि रेशनची माहिती गळते.

खर्चाचे म्हणाल, तर देशाच्या मध्यावर म्हणून नागपूरला एक मेगावॉटचा ट्रान्समीटर उभारून १९८८ पासून रात्रभर राष्ट्रीय वाहिनी ऐकवली जात होती. ती बंद करण्याचा निर्णय २०१८ च्या अखेरीस झाला. मला तेवढे मोठे काही नको आहे. विविध भारतीच्या १००.६ वर अर्धा तास पुरे, कारण साध्या फोनवर एफएमच लागते. वेळ संध्याकाळी साडेसातची असावी, त्याआधी कामावरून परतून आंघोळ, पाणी, चूल यांतच सगळे अडकलेले असतात. निवेदक छत्तीसगढी बोलणाऱ्या वस्तीतलाच घ्यावा, रायपूरहून ध्वनिमुद्रित फीत मागवू नये. आणि पहिले काही दिवस कोणाचेही उद्घाटनाचे भाषण न लावता, कामगार मंडळाच्या नोंदणीला लागणारे कागद एकेक करून सावकाश, दोनदा वाचून दाखवावेत.