एक कार्टन टाक ना बॅगेत!
सिंगापूरहून क्रूझ आहे एवढं कळायचा अवकाश, की कॉलेज रोडच्या टपरीपासून सिडकोतल्या चुलतभावापर्यंत सगळ्यांच्या फर्माइशी सुरू. ‘येताना एक कार्टन टाक ना बॅगेत, ड्यूटी फ्री असतं!’

अरे बाबांनो, 20 ची 10 पाकिटं, म्हणजे कार्टनमध्ये 200 सिगारेटी. भारतात परतताना माणशी माफ किती? 100. नाहीतर 25 सिगार, नाहीतर 125 ग्रॅम तंबाखू. यातलं एकच, तिन्ही नाही! ‘ड्यूटी फ्री’ ही पाटी त्या दुकानाची. मुंबई विमानतळावर कस्टमवाला ती वाचत नाही. त्यावर लगेच अक्कल, ‘मग दोघांची सवलत जोड की!’ नाही जोडता येत हो. किती वेळा सांगू? आणि ड्यूटी भरायची वेळ आली की पैसे कोण देणार? (मी स्वतः सुपारीसुद्धा खात नाही, हे वेगळंच.)

जाताना काकांची तऱ्हा निराळी. कसारा घाट लागेपर्यंत चारदा मळून झालेली, वर बॅगेत आठवडाभराच्या पुड्या. सिंगापुरात खायच्या तंबाखूला मुळातच बंदी आणि सिगारेटीच्या एका कांडीचीही ड्यूटी माफ नाही. काका म्हणतात, ‘आपण काय विकायला नेतोय का?’ शेवटी पुड्या इगतपुरीच्या चहाच्या टपरीवर माझ्याच हाताने टाकल्या. काका मुंबईपर्यंत बोलले नाहीत.

आत्ताच चुलतभावाचा मेसेज आलाय, ‘बरं, मग अर्धं कार्टन?’