रानिएरींना काढले म्हणून लेस्टर तरले काय?

माझा धाकटा भाऊ कोल्हापुरात एका शाळेच्या फुटबॉल संघाला शिकवतो. गेल्या वर्षी त्याच्या मुलांनी आंतरशालेय स्पर्धा जिंकली. यंदा ती ओळीने चार सामने हरली. चौथ्या पराभवाच्या रात्री पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एक मजकूर येऊन पडला, जो त्याआधी मला तीन निरनिराळ्या ठिकाणांहून आलेला होता आणि मी तिन्ही वेळा न वाचता सोडून दिला होता. या वेळी तो भावाने पाठवला, खाली एकच ओळ लिहून: "दादा, ह्यात खरं किती?"

'मोठे क्लब भावनेत अडकत नाहीत' असे त्या मजकुराचे शीर्षक असून, काल यश देणारा प्रशिक्षकही आज हरू लागला तर काढून टाकावा, हे पटवणारे त्यात पाच मुद्दे आहेत: लेस्टरने यशस्वी प्रशिक्षकाला काढले आणि संघ वाचला, चेल्सीने सतत प्रशिक्षक बदलले म्हणून करंडक मिळवले, खेळाडू ऐकेनासे झाले की प्रशिक्षक जायलाच हवा, वाट पाहून कोणाचे भले झालेले नाही, आणि शेवटी, खालच्या श्रेणीत घसरण्यापेक्षा हकालपट्टी स्वस्त पडते, म्हणून हा नियम लहानमोठ्या प्रत्येक संघाला लागू आहे.

लेस्टरचा मुद्दा सर्वांत मोहात पाडणारा आहे आणि सर्वांत पोकळही तोच आहे. त्यातील घटना खोट्या नाहीत. ज्या संघाच्या विजेतेपदावर हंगामापूर्वी सट्टेवाल्यांनी एकास पाच हजार असा भाव दिला होता, त्या लेस्टर सिटी या इंग्लिश क्लबला प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरींनी २०१५-१६ ची प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वोच्च लीग, जिंकून दिली. पुढच्याच हंगामात संघ सतराव्या स्थानापर्यंत घसरला, खाली जाणाऱ्या तीन संघांपासून त्याचे अंतर एका गुणाचे उरले आणि २०१७ उजाडल्यापासून लीगमध्ये त्याला एकही गोल करता आला नव्हता. २२ फेब्रुवारीला चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत, स्पेनच्या सेव्हियाने लेस्टरला २-१ असे हरवले आणि दुसऱ्या दिवशी रानिएरींना काढण्यात आले. त्यांचे सहायक क्रेग शेक्सपिअर यांच्या हाती सूत्रे आली, लेस्टरने लीगमधील पुढचे पाचही सामने जिंकले आणि हंगामअखेर बारावे स्थान गाठले.

एवढ्यावर मजकूर निकाल देऊन मोकळा होतो. आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा बसायला आणि फांदी मोडायला. ते पाच सामने कोणाशी होते, हे पाहण्याचे कष्ट मजकूर लिहिणाऱ्याने घेतलेले नाहीत. लिव्हरपूल, हल, वेस्ट हॅम, स्टोक आणि संडरलंड. यांपैकी वेस्ट हॅम वगळता चार सामने लेस्टरच्या घरच्या मैदानावर झाले, आणि हल व संडरलंड हे दोन्ही संघ त्याच हंगामाच्या शेवटी खालच्या श्रेणीत गेले. लिव्हरपूलवरचा ३-१ हा विजय मोठा होता, तो मी नाकारत नाही. परंतु 'पाचपैकी पाच' या शब्दांनी जो जादूचा आभास होतो, तो सामन्यांची यादी समोर ठेवताच निम्म्याने ओसरतो.

त्याहून महत्त्वाचे आहेत ते तीन हंगामांचे गुण. लेस्टरने २०१४-१५ मध्ये ४१ गुण मिळवले, २०१५-१६ मध्ये ८१ आणि २०१६-१७ मध्ये ४४. या तिघांत विसंगत आकडा कोणता, हे सांगायला फुटबॉल कळावेही लागत नाही. रानिएरींच्या दुसऱ्या वर्षी संघ बिघडला असे म्हणण्यापेक्षा तो आपल्या मूळ जागी परतला असे म्हणणे अधिक खरे होईल, आणि त्यातही ज्याच्या पायांवर विजेतेपदाची मधली फळी उभी होती तो एन्गोलो कान्टे दरम्यान चेल्सीला विकला गेला होता. ज्या वर्षी लेस्टर तळाशी धडपडत होते, त्या वर्षी लीग जिंकली ती कान्टेच्या चेल्सीने.

आता दुसरा संघ पाहा, जिथे कोणालाही काढले गेले नाही. युर्गन क्लॉप यांनी बोरुसिया डॉर्टमुंडला २०११ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन जर्मन विजेतेपदे मिळवून दिली होती. २०१४-१५ च्या हिवाळी सुट्टीला त्यांचा संघ १७ सामन्यांत १५ गुण घेऊन अठरा संघांत सतरावा होता, आणि फेब्रुवारीच्या आरंभी आउग्सबुर्गकडून घरच्या मैदानावर हरल्यावर तर तो थेट तळाला होता. क्लबने प्रशिक्षक बदलला नाही. पुढचे चार लीग सामने डॉर्टमुंडने ओळीने जिंकले, त्यांतला चौथा हाडवैरी शाल्केविरुद्ध ३-० असा. आणि हंगामाच्या शेवटी हा संघ ४६ गुणांसह सातवा आला. क्लॉप त्या उन्हाळ्यात गेले, पण ते स्वतःच्या निर्णयाने. लेस्टर हकालपट्टी करून सतरावरून बारावर आले आणि डॉर्टमुंड हकालपट्टी न करता अठरावरून सातवर आले. मजकुराचेच तर्कशास्त्र लावायचे झाले, तर प्रशिक्षक टिकवल्यामुळे संघ वर येतो असा 'नियम' मलाही उद्या गावभर फिरवता येईल.

मात्र एका उदाहरणाला दुसरे उदाहरण हे उत्तर होऊ शकत नाही, म्हणून येथे मोजणी करणाऱ्याकडे जावे लागते. बास तेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्सच्या सर्वोच्च लीगमधील १९८६ ते २००४ या काळातील प्रशिक्षकबदलांचा अभ्यास केला. हकालपट्टीनंतर निकाल सुधारतात, हे त्यालाही दिसले. पण तो तिथे थांबला नाही. ज्या संघांची तशीच घसरण झाली होती, परंतु ज्यांनी प्रशिक्षकाला हात लावला नव्हता, असे संघ त्याने शेजारी मांडले आणि तेही तसेच सावरलेले आढळले. याचे कारण गूढ नाही. प्रशिक्षक काढला जातो तो निकाल अगदी तळाला पोहोचलेले असताना, आणि तळापासून बहुधा वरच जावे लागते. दुखापती बऱ्या होतात, खांबाला लागून परतणारे चेंडू जाळ्यात जाऊ लागतात, सामन्यांचे वेळापत्रक सोपे होते. साधा ताप तीन दिवसांत उतरतोच, पण तिसऱ्या दिवशी ज्याला बोलावले त्याच्या अंगाऱ्याला यश मिळते, त्यातलाच हा प्रकार.

शेक्सपिअर यांनाही हे लवकरच अनुभवावे लागले. २०१७ च्या जूनमध्ये त्यांना पूर्णवेळ नेमण्यात आले आणि ऑक्टोबरमध्ये काढण्यात आले. आणि याच लेस्टरने २०२३ मध्ये हा प्रयोग पुन्हा केला, तो मजकुरात का नाही? २०२१ चा एफए करंडक ही इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा जिंकून देणारे ब्रेंडन रॉजर्स यांना २ एप्रिल २०२३ रोजी दहा सामने शिल्लक असताना दूर केले गेले, डीन स्मिथ यांना आणले गेले, आणि संघ ३४ गुणांसह अठरावा येऊन खालच्या श्रेणीत गेला. एकाच क्लबचा यशस्वी झालेला प्रयोग सांगायचा आणि फसलेला गाळायचा, हे अज्ञान नसून लबाडी आहे असे मला वाटते.

चेल्सीबद्दल मात्र थोडे मान्य करणे भाग आहे. क्लबचे मालक रोमान अब्रामोविच यांच्या काळात प्रशिक्षक सतत बदलले आणि करंडकही येत राहिले. २०१२ आणि २०२१ या दोन्ही चॅम्पियन्स लीग हंगामाच्या मध्यात आलेल्या प्रशिक्षकांनीच, म्हणजे रॉबर्टो दी मातेओ आणि थॉमस टुखेल यांनी जिंकल्या. परंतु त्यांच्याआधी काढले गेलेले आंद्रे व्हिलास-बोआस आणि फ्रँक लॅम्पार्ड यांनी चेल्सीत एकही करंडक जिंकलेला नव्हता. दावा यशस्वी प्रशिक्षकांविषयी आहे, तेव्हा यशस्वींना काढल्यावर काय झाले तेच तपासायला हवे. विजेतेपदानंतर सातच महिन्यांत, डिसेंबर २०१५ मध्ये होजे मोरिन्हो यांना काढले; चेल्सी दहावे आले. टुखेल यांना सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे नव्या मालकांच्या कारकिर्दीत काढले. चेल्सी बारावे आले. दी मातेओ यांना युरोपचे अजिंक्यपद मिळवल्यावर सहा महिन्यांत घालवले आणि त्यानंतर राफाएल बेनिटेझ यांनी युरोपा लीग, म्हणजे युरोपातील दुय्यम स्पर्धा, जिंकली, हे एक उदाहरण मजकुराच्या बाजूने जाते, ते त्याने खुशाल घ्यावे. शिवाय अब्रामोविच यांनी क्लबला दिलेले सुमारे दीड अब्ज पौंडांचे कर्ज २०२२ मध्ये सोडून दिले. असा खिसा ज्याच्याजवळ आहे, त्याच्या चुकाही नव्या खेळाडूंच्या खरेदीत झाकल्या जातात.

खेळाडू ऐकत नाहीत, हा तिसरा मुद्दा. कधीकधी ते खरेही असते; आपल्या मेहनतीचा विश्वासघात झाल्यासारखे वाटते, असे मोरिन्हो स्वतः चेल्सीतील आपल्या शेवटच्या सामन्यानंतर म्हणाले होते. तो सामना चेल्सी हरले होते ते रानिएरींच्या लेस्टरकडून, आणि चौदा महिन्यांनी रानिएरी काढले गेले तेव्हा हेच मोरिन्हो रानिएरींच्या नावाची आद्याक्षरे असलेला शर्ट घालून पत्रकारांसमोर बसले. पण ड्रेसिंग रूममध्ये काय चालले आहे हे बाहेर बसून गुणतक्त्यावरून ठरवता येत नाही, आणि मजकूर नेमके तेच करतो.

वाट पाहून कोणाचे भले झाले नाही, या वाक्यावर फार शाई खर्चावी असे नाही. गतविजेत्या लिव्हरपूलने २०२१ च्या सुरुवातीला घरच्या मैदानावर लीगचे सहा सामने ओळीने गमावले, कारण व्हर्जिल व्हॅन डाइकसह बचावफळीतील प्रमुख खेळाडू जायबंदी होते. तेव्हा तिथे प्रशिक्षक असलेले तेच क्लॉप जागेवर राहिले. शेवटच्या दहा सामन्यांत संघाने आठ जिंकले, दोन बरोबरीत सोडवले आणि तिसरे स्थान मिळवले, तर पुढच्या हंगामात ९२ गुण आणि देशांतर्गत दोन करंडक मिळवले. मँचेस्टर सिटीने नोव्हेंबर २०२४ मध्ये, ओळीने चार पराभव झालेले असताना, प्रशिक्षक पेप गार्डिओला यांचा करार वाढवला. निकाल त्यानंतरही काही आठवडे बिघडतच गेले आणि तरीही संघ तिसरा आला. प्रशिक्षकाला वेळ द्यावा म्हणणारे आमच्या बाजूचे लोक येथे हमखास मँचेस्टर युनायटेडचे अ‍ॅलेक्स फर्ग्युसन आणि त्यांची नोकरी वाचवणारा म्हणून सांगितला जाणारा जानेवारी १९९० मधला मार्क रॉबिन्सचा गोल काढतात. मी काढणार नाही. फर्ग्युसन यांनी तोवर क्लबला काहीच जिंकून दिले नव्हते, त्यामुळे ते उदाहरण या वादात बसत नाही.

पैशाच्या मुद्द्यात तथ्य आहे. प्रीमियर लीगमधून खाली गेलेल्या क्लबचे प्रक्षेपणाचे उत्पन्न इतके घटते की त्यापुढे प्रशिक्षकाला द्यावी लागणारी भरपाई किरकोळ ठरते, आणि घाबरलेला संचालक काय करतो हे मला समजू शकते. तो जुगार खेळतो, कारण खेळला नाही तर चाहते त्यालाच विचारतील. पण मजकुराने याच वाक्याच्या शेपटीला 'प्रत्येक संघाला लागू' असे जोडले आहे, आणि ते वाचून एका शाळेच्या गटात अंगठे उमटले आहेत. शालेय स्पर्धेतून कोणी खालच्या श्रेणीत जात नाही. तिथे प्रक्षेपणाचे हक्क नाहीत, भरपाई नाही, आणि माझ्या भावाला मिळणारे मानधन त्याच्या पेट्रोललाही पुरत नाही. गेल्या वर्षीच्या विजेत्या संघातील सहा मुले दहावी होऊन शाळेतून बाहेर पडली. त्यांच्या जागी आलेली मुले वर्षाने लहान आहेत. हे त्या गटातील प्रत्येक पालकाला माहीत आहे, कारण त्या सहा जणांच्या निरोपाचा फोटो अजून त्याच गटाच्या वर लावलेला आहे.