विकतचं नाजूक, फुकटचं चिवट

आमच्या लॅबमध्ये सगळ्यात जास्त मान कोणाला असेल, तर उणे वीस अंशांच्या फ्रीझरमध्ये बसलेल्या इको-आर-वन या एन्झाइमला. डीएनएवर जीएएटीटीसी ही सहा अक्षरं दिसली की कापायचं, एवढंच त्याचं काम. पण थाट बघावा! फ्रीझरमधून काढलं की थेट बर्फात. ट्यूब मुठीत धरायची नाही, व्हॉर्टेक्सवर घुसळायची नाही. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर चालत नाही, कारण तो मधूनमधून गरम होतो. ट्यूबमध्ये निम्मं ग्लिसरॉल, त्यामुळे आतलं द्रावण गोठत नाही. मात्र चिकट इतकं, की पिपेटची टिप जरा खोल बुडाली तर आतल्यापेक्षा बाहेरच जास्त लागतं. घ्यायचं असतं एक मायक्रोलिटर. जास्त पडून मिश्रणातलं ग्लिसरॉल पाच टक्क्यांच्या वर गेलं, की स्वारी भलतीकडेही कापत सुटते.

वीज गेली की आमच्या सीनियर ताई आधी या फ्रीझरकडे धावतात, मग लिफ्टमध्ये कोण अडकलंय ते बघतात.

आणि दुसरीकडे तो आरएनेज, म्हणजे आरएनए कापणारं एन्झाइम. त्याला कोणी बोलावत नाही. आपल्या बोटांवरून, धुळीतून, पिपेटवरून तो येतो आणि दिवसभर खपून काढलेल्या आरएनएचा फडशा पाडतो. पुण्यातल्या जुन्या वाड्यातल्या भाडेकरूसारखा, काही केल्या हलत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांची वाफ दिली तरी पुरता मरेल याची खात्री नाही. रसायनं घालून त्याच्या रेणूची घडी मोडा, रसायनं काढून घ्या. हा पुन्हा आपली आपण घडी घालून कामाला हजर! ॲनफिन्सन या शास्त्रज्ञांनी हेच दाखवलं आणि १९७२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. आम्हाला मिळतात हातमोजे. ते घालून चुकून नाक खाजवलं, की नवी जोडी.

कहर म्हणजे प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूंमधलं डीएनएचं छोटं वर्तुळ, काढताना नको असलेला आरएनए घालवायला आम्ही हाच आरएनेज पैसे मोजून मागवतो. त्यात डीएनए खाणारं एन्झाइम मिसळलेलं असू शकतं, म्हणून द्रावण उकळतात. ते बिचारं मरतं, हा ठणठणीत.

परवा शेजारच्या टेबलावर त्याला उकळायला ठेवलेलं दिसलं. मी माझी आरएनएची ट्यूब बर्फासकट उचलली आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसले.

"काय झालं गं?" ताईंनी दारातून विचारलं.

"काही नाही. त्यांची आंघोळ उरकू दे, मग येते."