पहिल्या कृष्णवर्णीय नटावर लेख लिहिताना घ्यायची काळजी

गेल्या महिन्यात एका नाट्यसंस्थेच्या स्मरणिकेसाठी अमेरिकेतला कृष्णवर्णीय गायक-नट पॉल रोबसन याच्यावर दीड हजार शब्द लिहून दिले. छापून आले सहाशे दहा. मोजलेत मी. फोन केला तर पलीकडून अगदी साखरेच्या पाकातला आवाज : "सर, लेख छानच आहे हो! फक्त जरा पॉझिटिव्ह केला." पुढच्या लेखकाच्या वाट्याला हा मनस्ताप नको, म्हणून मला झालेला साक्षात्कार इथे मांडून ठेवतो. फोटोचं शेवटी बोलू.

सुरुवात ‘पहिला’ या शब्दाने करा. १९४३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर गोऱ्या नटसंचाबरोबर शेक्सपिअरचा ऑथेल्लो करणारा पहिला कृष्णवर्णीय नट, २९६ प्रयोग, ब्रॉडवेवरच्या शेक्सपिअरचा विक्रम. बस, पुढे जाऊ नका. ऑथेल्लो मुळातच मूर, म्हणजे काळ्या वर्णाचा, मग तिथे काळा नट उभा राहायला १९४३ का उजाडावं लागलं आणि तोवरचे नट तोंडाला काय फासत होते, असले प्रश्न सोहळ्यात शोभत नाहीत. रोबसनच्या शंभरेक वर्षं आधी आयरा ऑल्ड्रिज नावाचा न्यूयॉर्कचा पोरगा इंग्लंडला निघून गेला आणि तिथे ऑथेल्लो झाला, कारण घरी त्याला कुणी उभं करेना. त्याच आयराच्या मुलीने, अमांडाने, १९३० च्या लंडनमधल्या ऑथेल्लोसाठी रोबसनच्या आवाजावर मेहनत घेतली. मला हा भाग फार आवडला होता. कापला. ‘पहिल्या’च्या आधी कुणी निघालं की हाराची लांबी कमी पडते.

वडील गुलामगिरीतून पळून आलेले होते, हे अवश्य घ्या. दुसऱ्यांच्या देशातली गुलामगिरी आपल्याकडे चांगली खपते.

कॉलेजचे दिवस एका वाक्यात उरका. ‘खेळातही चमक दाखवली.’ फुटबॉलच्या सरावात रटगर्स कॉलेजच्या स्वतःच्याच संघातल्या पोरांनी त्याचं नाक मोडलं आणि एकाने खिळ्यांच्या बुटाने हात चिरडून नखं उपटली, हे वाचताना लोकांचा चहा गार होतो. वकिलीचंही तसंच. कोलंबिया विद्यापीठातून १९२३ साली कायद्याची पदवी घेऊन तो एका ऑफिसात रुजू झाला. तिथल्या गोऱ्या स्टेनोने काळ्या माणसाचं डिक्टेशन घ्यायला नकार दिला आणि त्याने ते ऑफिस सोडलं. स्मरणिकेत काय छापलंय? ‘कलेच्या ओढीने वकिलीवर पाणी सोडले.’ वा!

हॉटेलांची नावं टाळा. १९२९ साली लंडनच्या सॅव्हॉय ग्रिलने त्याला जेवायला आत घेतलं नाही आणि दुसऱ्या वर्षी त्याच इमारतीतल्या सॅव्हॉय थिएटरात लोक त्याचा ऑथेल्लो पाहायला तिकिटं काढून बसले.

चित्रपटांची नुसती यादी द्या. त्यातला ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ (१९३५) त्याने स्वतःच नाकारला होता, कारण शूटिंग झाल्यावर अशी काही कापाकापी झाली की ब्रिटिश साम्राज्याची आरतीच झाली, हे सांगू नका. संपादनाच्या टेबलावर माणसाचं काय करतात ते त्याला माझ्या बरंच आधी कळलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. हे वाक्य पाठच करा : ‘विचारांमुळे त्यांना काही अडचणींचा सामना करावा लागला.’

काही अडचणी! विचार डावे, सोव्हिएत रशियाकडे झुकलेले. १९४९ साली न्यूयॉर्क राज्यात पीकस्किलजवळ त्याचं गाणं ऐकून परतणाऱ्या लोकांच्या गाड्यांवर दगडांचा पाऊस पडला, ही एक अडचण. एकामागून एक कार्यक्रम रद्द झाले, ही दुसरी. १९५० मध्ये सरकारने पासपोर्ट काढून घेतला तो १९५८ साली, सुप्रीम कोर्टाचा निकाल लागल्यावर हातात आला. पन्नाशीतली आठ वर्षं! गायकाची, नटाची! कॅनडाला जायला तर पासपोर्ट लागतच नव्हता, तरी सीमेवर अडवला. मग १९५२ च्या मे महिन्यात हा सहा फूट तीन इंची माणूस सीमेला लागून उभ्या केलेल्या एका उघड्या ट्रकवर चढला आणि दोन्ही देशांत उभ्या असलेल्या हजारो लोकांसाठी गायला. १९५७ साली वेल्समधल्या खाणकामगारांनी बोलावलं. जाता येईना. तेव्हा न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत बसून अटलांटिकच्या तळाच्या टेलिफोन केबलमधून गायला, आणि पलीकडे भरल्या सभागृहात लोकांनी ते ऐकून त्याला उलट गाणं म्हणून दाखवलं. हा परिच्छेद लिहिताना माझ्या अंगावर काटा आला होता. तो अख्खा गेला. त्याच्या जागी संपादकांनी स्वतःच्या हाताने काय घातलं, सांगू? ‘कलेला सीमा नसतात.’

अहो, असतात! ट्रक काय हौस म्हणून लावला होता?

विचारलं तर म्हणाले, "सर, वाद नको. आपल्या बऱ्याच सभासदांची मुलं अमेरिकेत आहेत." आहेत ना. १९५८ साली रोबसनची साठी भारतात साजरी झाली, नेहरूंनी जाहीर गौरव केला, समितीचे अध्यक्ष होते मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला. अमेरिकी अधिकाऱ्यांना ते अजिबात रुचलं नव्हतं. आणि तेच छागला त्याच वर्षी भारताचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला गेले. काय बिघडलं? तुमच्या सभासदाच्या मुलाचा व्हिसा माझ्या एका परिच्छेदावर अडलाय का?

आणि मी काही त्याची पूजा बांधली नव्हती. स्टालिनच्या राजवटीत काय चाललंय याची चाहूल १९४९ मध्ये मॉस्कोत त्याला लागली होती, तरी घरी परतल्यावर तो जाहीरपणे त्याविरुद्ध बोलला नाही. ही त्याची मोठी चूक, आणि मी ती स्पष्ट लिहिली होती. तेही कापलं. म्हणजे त्याच्यावर झालेला अन्याय नको आणि त्याची चूकही नको. उरलं काय? शाल, श्रीफळ आणि भूपेन हजारिका. ते मात्र ठेवलेत, कारण ‘गंगा बहती हो क्यूं’ सगळ्यांना पाठ आहे. ते गाणं रोबसनच्या ‘ओल मॅन रिव्हर’ या नदीच्या गाण्यावरून सुचलंय आणि ते नदीला जाब विचारतं, एवढं तरी गुणगुणताना लक्षात येतं का?

माणूस झेपत नसेल तर त्याच्यावर लेख मागवू नका. कुणी जबरदस्ती केली नव्हती. ज्याने आयुष्यभर तोंड बंद ठेवायला नकार दिला, त्याचं तोंड तुम्ही मेल्यावर दाबताय, तेही रोख साडेसातशे रुपये मानधन देऊन. लाज वाटली पाहिजे.

आणि मुखपृष्ठावरचा फोटो बदला. तो सिडनी पॉयटिए आहे.