आठ वेळा तोच ऑगस्ट

अ‍ॅनिमेला (म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनला) मी एकदा चारचौघांत ‘कार्टून’ म्हणालो, त्याची ही शिक्षा. अकरावीतल्या भाचीने फर्मावलं, "मामा, ‘द मेलन्कली ऑफ हारुही सुझुमिया’. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस भाग. एक जरी गाळलास तर मला कळेल."

पहिले अकरा भाग मजेत गेले. हारुही ही हायस्कुलातली आगाऊ मुलगी. परग्रहवासी, कालप्रवासी असली मंडळी शोधायला तिने क्लब काढलाय, आणि ती मंडळी त्याच क्लबात तिच्या शेजारी बसलीयत, हे तिला सोडून बाकी सगळ्यांना ठाऊक. जग तिच्या मर्जीवर हलतं, हेही तिला ठाऊक नाही. (आमच्याकडे अशा दोन मावश्या आहेत. त्यांना ठाऊक आहे.)

बाराव्या भागात 17 ऑगस्ट उजाडतो. सुट्टीचे शेवटचे दोन आठवडे. पोहणं, ओबोन या पूर्वजांच्या सणाचा नाच, फटाके, जाळ्या घेऊन सिकाडा नावाचे किडे पकडणं, बेडकाचा पोशाख चढवून भर उन्हात कमाई. शेवटी सगळे कॅफेत जमतात, क्लबातला क्योन नावाचा पोरगा नुसता बघत राहतो आणि हारुही निघून जाते. गोड भाग. आई शेजारी मेथी निवडत होती.

दुसऱ्या दिवशी तेरावा. पोहणं, नाच, फटाके, बेडूक, कॅफे. मी उठून राउटर बंद करून चालू केला. आई गवार मोडत म्हणाली, "शाळा कधी उघडते यांची? त्या पोराचा अभ्यास झालाय का?" ती तीस वर्षं शाळेत शिकवत होती. मी हसून सोडून दिलं.

चौदावा. पुन्हा बेडूक. आता मी अ‍ॅपवाल्यांना तक्रार केली. ‘आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं उत्तर आलं. दहा मिनिटांनी तेच उत्तर परत आलं. तेव्हा मात्र मी हाय खाऊन भाचीला फोन लावला.

"बिघाड नाहीये मामा. असंच आहे ते. आठ भाग."

आठ! म्हणजे ही मंडळी त्या दोन आठवड्यांत अडकलीयत आणि 15,532 वेळा तोच ऑगस्ट जगतायत. हिशोब केला तर जवळजवळ 600 वर्षं. बरं, ही मालिका काढणाऱ्या क्योटो अ‍ॅनिमेशनने एकच भाग आठदा चिकटवला असता, तर निदान मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. तसंही नाही. प्रत्येक भाग नव्याने काढलाय, संवाद नव्याने बोलून घेतलेत. कपडे वेगळे, कॅमेरा वेगळा, ढग वेगळे. एवढे कष्ट, आणि ते कशासाठी, तर मला कंटाळा यावा म्हणून! 2009 साली जपानी प्रेक्षकांनी हे आठवड्याला एक, असे आठ आठवडे सोसलं. आमच्या मालिकांत एक सत्यनारायण पंधरा दिवस चालतो, पण निदान सोळाव्या दिवशी प्रसाद तरी मिळतो.

माझ्या मते तीन भागांत काम भागलं असतं. पाचव्याला मी पडदे मोजले. सहाव्याला डुलकी लागली. जाग आली तेव्हा बेडूकच चालू होते, त्यामुळे काहीच बुडालं नाही.

तरी सातव्याला एक गोष्ट लागली. त्या टोळक्यात युकी नागातो नावाची अबोल, पुस्तकात डोकं घातलेली मुलगी आहे. बाकीच्यांची पाटी दर वेळी कोरी होते. हिला सगळ्या खेपा लख्ख आठवतात. 15,532च्या 15,532. जत्रेत ती मुखवटा लावून नुसती उभी राहते. आधी मला ती निर्विकार वाटायची. आता तिचा चेहरा आणि माझा चेहरा एकच झाला होता. पुढे 2010 साली आलेला अडीच तासांहून मोठा सिनेमा तिच्याभोवतीच फिरतो, आणि तो अप्रतिम आहे. या आठ भागांनी पिळून निघालेल्याला तो जास्त कळतो, हे मला भाचीसमोर कबूल करायचं नाहीये.

आठवा भाग. कॅफे. हारुही निघते, आणि क्योन अखेर ओरडतो: माझा गृहपाठ राहिलाय! मग सगळे त्याच्या घरी बसून गृहपाठ करतात, आणि सुटतो एकदाचा ऑगस्ट.

मी हळूच आईकडे पाहिलं. ती मान वर न करता म्हणाली, "दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं मी."

तिच्या पुढ्यात पुन्हा मेथी होती.

"आज परत मेथी?"

"का? तू आठ दिवस तेच बघितलंस ना? मग खा."