‘खाली जळजळ? तुरटीच्या पाण्यात बसा’ : या मेसेजला उत्तर

"खाली जळजळ होते? इन्फेक्शन आहे. तुरटीच्या पाण्यात बसा, वर डेटॉलचे थेंब टाका, सात दिवसांत बरं." हा मेसेज बायकांच्या ग्रुपांवर कधीपासून फिरतोय. आता तो माझ्या मावसबहिणीला तिच्या सासूबाईंनीच पाठवला, म्हणून त्यातला आणि त्याच्यासोबत ऐकवला जाणारा एकेक मुद्दा घेते.

"जळजळ म्हणजे इन्फेक्शनच." साफ चूक. बुरशीच्या संसर्गात बहुधा खाज सुटते आणि दह्यासारखं पांढरं जातं; स्रावाची तपासणी केली की ते कळतं. ती तपासणी वारंवार स्वच्छ येते आणि तरी योनीच्या तोंडाशी आग होते, स्कूटरवर बसवत नाही, संबंधाच्या वेळी सुरी फिरल्यासारखं दुखतं, तेव्हा वेगळा विचार करायला हवा. 2015 साली तीन आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनांनी मिळून व्याख्या ठरवली : या भागात किमान 3 महिने दुखणं आणि स्पष्ट कारण न सापडणं म्हणजे व्हल्व्होडायनिया. त्याआधी संसर्ग, त्वचारोग, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा ही कारणं तपासून बाजूला काढावी लागतात. पांढरे, पातळ चट्टे दिसत असतील तर तो लायकेन स्क्लेरोसस हा त्वचारोग असू शकतो. त्याला वेगळे उपचार लागतात आणि ते टाळू नयेत.

आता तुरटी. योनीच्या तोंडाशी हातापायांसारखं जाड, कोरडं आवरण नसतं. तुरटी त्वचा आक्रसवते आणि सुकवते. ज्या नसा आधीच चाळवलेल्या आहेत त्यांच्यावर हा मारा झाला की आग वाढते. डेटॉलने तर तिथली त्वचा लाल होते, बारीक चिरा पडतात. बाईला वाटतं इन्फेक्शन पसरलं, म्हणून ती आणखी धुते. मग मेडिकलमधून बुरशीचं औषध आणि स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूब येते. दोन दिवस बरं वाटतं, आठवडेच्या आठवडे लावली की त्वचा पातळ होते. एवढं सगळं झाल्यावर तपासायला गेली की मूळ दुखणं कोणतं आणि धुण्याने झालेलं कोणतं, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. फक्त बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवा, साबण नको, टिपून कोरडा करा.

"सुती, सैल कपडे घाला." हे बरोबर आहे. घर्षण कमी होतं, पण एवढ्याने दुखणं जात नाही.

"रोज शंभर वेळा खालचे स्नायू आवळून धरा." या दुखण्यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बहुतेकदा आधीच आवळलेले असतात. आणखी आवळलं की दुखणं वाढतं. इथे सैल सोडायला शिकायचं असतं, तेही या कामाच्या फिजिओथेरपिस्टकडून.

"लग्न झालं, मूल झालं की जातं." याला आधार नाही. दुखत असताना रेटून संबंध ठेवले तर स्नायू आणखी आवळतात.

"रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचं." रिपोर्ट जंतू शोधतो, दुखरी नस शोधत नाही. त्यासाठी कापसाच्या काडीची चाचणी आहे. ओली काडी मांडीच्या आतल्या बाजूपासून हलके टेकवत आत आणतात, मग योनीच्या तोंडाभोवती घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे एकेका जागी. बाई प्रत्येक जागेला 0 ते 10 मध्ये आकडा सांगते. पुष्कळदा पाच आणि सातच्या जागी ती दचकते, बाजूच्या त्वचेवर काहीच नाही. काही मिनिटांची ही चाचणी. करतात का, असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

उपचारात 5 टक्के लिडोकेनचं मलम असतं. ते लावल्यावर पहिली काही मिनिटं चुरचुरतं, मग भाग बधिर होतो. कधी रात्री अमिट्रिप्टिलिन देतात, सुरुवात बहुधा 10 मिलिग्रॅमने. चिठ्ठीवर नैराश्याची गोळी बघून घाबरू नका, इथे ती नसांच्या दुखण्यासाठी असते. गुण यायला काही आठवडे लागतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी झोप उडत नाही. म्हणून ती मनानेच बंद करू नका, डॉक्टरांना विचारून डोस हळूहळू कमी करा.